ओढलेले जिने

वाचनालयासाठी केलेला लोखंडी जिना वर्कशॉपच्या मधोमध उभा राहिला, तेव्हा वेल्डरने तोंडावरची काच कपाळावर सरकवली आणि दोन्ही पट्ट्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "साहेब, हा डावखुऱ्या गिऱ्हाइकाचा आहे का?"

जिन्याच्या डाव्या पट्टीवर पायऱ्या बसवायला जितक्या खाचा होत्या, त्याहून उजव्या पट्टीवर एक जास्त होती. उंची मात्र दोन्ही पट्ट्यांची तंतोतंत सारखी. त्यामुळे तळची पायरी कशीबशी सरळ बसली, तिच्यावरची जराशी कलली, आणि वर जाता जाता पायऱ्यांनी अशी मान टाकली की शेवटच्या पायरीवर कुणी पुस्तक ठेवलं असतं, तर ते मुदत संपायच्या आत आपणहून खाली परत आलं असतं.

वर्कशॉप दोघा साडूंचं होतं. म्हणजे कागदावर ते त्यांच्या बायकांचं. सासऱ्यांनी जाताना ते दोन्ही मुलींच्या नावावर केलं आणि दोन्ही जावयांच्या गळ्यात घातलं. कामगार एकाला थोरले म्हणत आणि दुसऱ्याला धाकटे. दोघे एकमेकांना अहोजाहो करत. भांडतानाही करत, म्हणून नवख्या माणसाला ते भांडताहेत की एकमेकांना जेवायचा आग्रह करताहेत हे चटकन कळत नसे.

कामाची वाटणी अशी होती. थोरले त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये जिन्याचं सपाट ड्रॉइंग काढत. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या बारीक रेघा. धाकटे त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच जिना थ्रीडीत उभा करत. रंगीत, चकचकीत, गिऱ्हाइकाला नुसतं बघून चढल्याचं समाधान मिळावं असा. एकाची फाईल दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तर पायऱ्या एकीकडे आणि कठडा दुसरीकडे जाई. म्हणून थोरले कागदावर प्रिंट काढून देत आणि धाकटे ती बघून जिना पुन्हा पहिल्यापासून करत. एका जिन्याची दोन बाळंतपणं. कापायला त्यातली जी हाताशी असेल ती फाईल जाई. वाचनालयाची डावी पट्टी थोरल्यांच्या फाईलवरून कापायला गेली. उजवी पाठवायच्या दिवशी थोरले दाढ काढायला गेले होते, म्हणून ती धाकट्यांच्या फाईलवरून गेली.

"घरात दोन सॉफ्टवेअर ठेवली की हेच व्हायचं," थोरले सुजलेला गाल सांभाळत म्हणाले.

"अगदी हेच," धाकटे म्हणाले. ते इतक्या लगेच सहमत झाले की थोरल्यांना दाढेचाही क्षणभर विसर पडला.

लगेच सहमत व्हायला कारण होतं. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता, धाकट्यांचा होता, आणि हे जगात फक्त धाकट्यांना माहीत होतं.

लग्नाआधी धाकटे घरोघरी पाण्याचे फिल्टर विकत. सासऱ्यांनी वर्कशॉपात बसवायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी घाईघाईने एक कॉम्प्युटरचा क्लास लावला. तिथल्या मास्तरांनी सरावासाठी एक तयार जिना दिला. पुढे पहिलं गिऱ्हाईक आलं, तेव्हा धाकट्यांनी कोरा पडदा उघडला आणि त्याच्यासमोर बसले. पडदा त्यांच्याकडे बघत राहिला, ते पडद्याकडे. शेवटी त्यांनी मास्तरांचा जिना उघडला, दुसऱ्या नावाने सेव्ह केला, हवा तेवढा उंच ओढला, हवा तेवढा रुंद ओढला आणि गिऱ्हाइकाला दाखवला. गिऱ्हाईक खूश झालं. दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी त्यांनी पहिल्याचा जिना ओढला, तिसऱ्यासाठी दुसऱ्याचा. मास्तरांच्या त्या एका जिन्याची मुलं, नातवंडं, पतवंडं गावभर पसरली. कुणी दवाखान्यात लागला, कुणी बँकेत, कुणी शाळेत. धाकट्यांनी कोऱ्या पडद्यावर एक जिना असा कधी काढलाच नाही, आणि इतकी वर्षं गेल्यावर आता तो काढायला बसणं म्हणजे नातवाच्या वर्गात जाऊन बाराखडी गिरवण्यासारखं होतं.

या घराण्याची एक खूणही होती. भोक कसं पाडायचं हे दाखवताना मास्तरांनी तिसऱ्या पायरीखाली, बाजूच्या पट्टीत एक बोटभर भोक पाडलं होतं. ते पुसायचं राहिलं, आणि मग अंगावरच्या तिळासारखं प्रत्येक पिढीत उतरत गेलं. एकदा वेल्डरने विचारलं, हे कशासाठी. धाकटे म्हणाले, पाणी जायला. जिना घराच्या आतला होता. पण थोरल्यांना उत्तर इतकं पटलं की ते स्वतःच्या ड्रॉइंगमध्येही भोक दाखवू लागले, आणि नव्या गिऱ्हाइकाला तिसऱ्या पायरीपाशी वाकायला लावून सांगू लागले, "हे बाकीचे लोक करत नाहीत."

वाचनालयाचा जिना बँकेच्या जिन्यापासून ओढला होता. बँकेच्या जिन्याला एक पायरी जास्त होती. धाकट्यांनी उंची जुळवली, रुंदी जुळवली, रंग तर फारच छान जुळवला. पायऱ्या मोजायच्या राहिल्या.

तेव्हा दोष सॉफ्टवेअरवर गेला म्हणून धाकट्यांना रात्री झोप चांगली लागली. सकाळी मात्र थोरल्यांची बायको, म्हणजे धाकट्यांची मोठी मेहुणी, वर्कशॉपात आली. तिला सगळे ताई म्हणत, थोरलेसुद्धा चुकून कधीकधी. ताईने कललेल्या जिन्याला एक फेरी मारली आणि निकाल दिला.

"आजपासून सॉफ्टवेअर एकच. दोघांनी मिळून मला एक नाव सांगा. सोमवारपर्यंत नाही सांगितलंत, तर आम्ही दोघी बहिणी चिठ्ठ्या टाकू."

"चिठ्ठ्या बऱ्या," थोरले म्हणाले. ताईने टाकलेल्या चिठ्ठीत आजवर ताईच्या मनाविरुद्ध काही निघालं नव्हतं, आणि ताईच्या मनात नवऱ्याचा काळा पडदा होता, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

धाकट्यांनी मनातल्या मनात सोमवार मांडून पाहिला. थोरल्यांचं सॉफ्टवेअर ठरलं की थोरल्यांच्या शेजारी खुर्ची येणार, समोर काळा कोरा पडदा, आणि त्यात मास्तरांचा जिना नाही. पहिली रेघ कुठून काढायची हे विचारावं लागणार, आणि ते विचारलं की सगळंच विचारल्यासारखं होणार. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मास्तरांचा जिना गुपचूप त्या सॉफ्टवेअरमध्ये आणून पाहिला. पायऱ्यांचा ढिगारा झाला. फक्त भोक जागच्या जागी राहिलं.

त्या आठवड्यात धाकट्यांनी सॉफ्टवेअरच्या निवडीवर जितकी कारणं काढली, तितकी त्यांनी फिल्टर विकतानाही काढली नसतील.

"दादा, काळ्या पडद्याने डोळे जातात."

"माझे कुठे गेले?"

"तुम्हाला चष्मा आहे."

"तो सासूबाईंचा स्वभाव बघून लागला. पुढे बोला."

"गिऱ्हाइकाला रेघा कळत नाहीत."

"डॉक्टर काय लिहितो ते तरी कुठे कळतं? औषध घेतातच ना?"

"तुमच्यात जिना फिरवून मागून बघता येत नाही."

"मी उठून मागे जातो," थोरले म्हणाले. "आणि एक सांगू का, धाकटे? जिना माणसासारखा असतो. प्रत्येक वेगळा. तो दरवेळी पहिल्या रेघेपासून काढावा लागतो. मी तसाच काढतो. तुम्हीही तसाच काढता. मग सॉफ्टवेअर कुठलं का असेना, तुम्हाला जड काय आहे?"

धाकट्यांनी मान डोलावली. इतकी वर्षं ती याच जागी डोलावून डोलावून गुळगुळीत झाली होती.

घरी बायको शिक्षिका होती, आणि शिक्षिकेपासून चेहरा लपवणं कठीण. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, माझ्या वर्गात परीक्षेच्या दिवशी एका मुलाचं पोट दुखतं. तुम्ही आठवडाभर तसेच दिसताय."

"मला कसली परीक्षा?"

"तेच विचारतेय. भाऊजींचं सॉफ्टवेअर शिकायला तुम्हाला काय होतंय?"

"रंग नाहीत त्यात."

"रंग नसले तर तुम्ही रोज दोनदा आरशात बघून पोट धरता?" तिने एका वहीवर लाल रेघ मारली. "माझ्याकडे दोन प्रकारची मुलं येतात. ज्याला येत नाही तो सांगतो, मग मी शिकवते. ज्याला येत नाही आणि जो सांगत नाही, तो शेजारच्याच्या वहीत बघतो. त्याचं अक्षर सुंदर असतं. चूकही शेजारच्याचीच असते."

धाकट्यांनी भाजीत मीठ कमी आहे असं सांगून विषय बदलला. भाजी त्यांनीच केली होती.

शेवटी, दोघांचंही नको आणि दोघांच्याही जिवाला बरं, म्हणून तिसरं सॉफ्टवेअर बघायचं ठरलं. ते विकणारी बाई शनिवारी सकाळी लॅपटॉप घेऊन आली. चटपटीत होती, पण आगाऊ नव्हती. तिने आधी धाकट्यांच्या जुन्या फायली मागितल्या, आपल्या लॅपटॉपवर चढवल्या आणि जिने एकाशेजारी एक ओळीने उभे केले. धाकट्यांना वाटलं, आपल्या घराण्याचा फोटोच काढला कुणी.

"छान आहेत, सर," बाई म्हणाली. "एक विचारू? सगळ्यांना तिसऱ्या पायरीखाली एक भोक आहे. हे तुमचं स्टँडर्ड आहे का?"

धाकट्यांची कानशिलं तापली. पण थोरलेच पुढे झाले.

"आमचंच," ते म्हणाले. "पाणी जायला. हे बाकीचे लोक करत नाहीत."

"मी तर कुठेच बघितलं नाही," बाई म्हणाली, आणि थोरल्यांची छाती दोन इंच पुढे आली. मग तिने सॉफ्टवेअर समजावून सांगितलं. "आमच्यात तुम्ही एकदाच एक मूळ जिना काढायचा. त्याला सांगायचं, उंची इतकी, रुंदी इतकी, एक पायरी साधारण इतकी. पुढच्या प्रत्येक कामाला नवा जिना काढायचा नाही. मूळ जिना घ्यायचा आणि फक्त आकडे बदलायचे. पायऱ्या तो स्वतः कमीजास्त करतो, दोन्ही बाजूंना सारख्या. सपाट ड्रॉइंगही त्यातूनच निघतं आणि थ्रीडीही. दोनदा काढायला नको."

धाकटे ऐकत राहिले. जे ते इतकी वर्षं दार लोटून, पडदा भिंतीकडे वळवून, पाप केल्यासारखं करत आले, ते ही बाई स्वच्छ मोकळ्या आवाजात, दिवसाढवळ्या, जाहिरातीसारखं सांगत होती. त्यांना तिचे पाय धरावेसे वाटले.

थोरल्यांनी हात मागे बांधले. "म्हणजे नक्कल."

"तसं नाही, सर, मूळ जिन्यावरून..."

"एकदा काढायचं आणि आयुष्यभर ओढत राहायचं. यालाच नक्कल म्हणतात, बाई. आमच्याकडे प्रत्येक जिना पहिल्या रेघेपासून निघतो. माझा निघतो, यांचाही निघतो. असलं सॉफ्टवेअर आमच्या कामाचं नाही. चला, धाकटे, ताईला सांगू, चिठ्ठी टाका म्हणावं."

बाईने लॅपटॉपच्या झाकणाला हात घातला. धाकट्यांनी ते झाकण खाली येताना पाहिलं. ते बंद झालं, तर सोमवारी काळा पडदा उघडणार होता, आणि मग त्यांचं पितळ रोज थोडं थोडं, सगळ्या वर्कशॉपदेखत उघडं पडणार होतं. नाहीतर आज एकदाच.

"माझा नाही निघत, दादा," ते म्हणाले.

"काय नाही निघत?"

"पहिल्या रेघेपासून. मी आजवर एकही जिना काढलेला नाही. क्लासच्या मास्तरांनी एक दिला होता. तोच ओढत आलोय."

वेल्डरने हातोडी हळूच खाली ठेवली, आवाज होऊ नये म्हणून. आवाज झालाच.

थोरल्यांनी चष्मा काढला. चष्मा काढल्यावर त्यांना कमी दिसे, पण धक्का बसला की ते तो काढत. "सगळे?"

"सगळे."

"दवाखान्याचा?"

"तो बँकेचा. आरशात बघितल्यासारखा उलटा केला."

"माझ्या घरातला?"

"तो शाळेचा. रुंदी कमी केली."

"म्हणजे मी रोज शाळेच्या जिन्याने झोपायला जातो," थोरले म्हणाले. थोडा वेळ ते बहुधा मनातल्या मनात तो जिना चढत होते. "आणि वाचनालयाचा?"

"तोही बँकेचा. एक पायरी काढायची राहिली. चूक सॉफ्टवेअरची नव्हती. माझी होती."

"आणि ते भोक?"

"मास्तरांनी भोक कसं पाडतात ते दाखवलं होतं. पुसायचं राहिलं."

"मी ते भोक लोकांना समजावून सांगतो," थोरले म्हणाले. "लोकांना वाकायला लावून सांगतो. वाकता येत नाही अशा एका आजोबांनाही मी वाकवलं."

"हो."

"तुम्ही शेजारी उभे असायचात."

"मान डोलवायचो."

वेल्डर गॅसच्या सिलिंडरमागे गेला. तिथून काही वेळ खोकला ऐकू येत राहिला. विकणारी बाई खाली मान घालून लॅपटॉपची वायर गुंडाळत होती. गुंडाळून झाली की सोडायची आणि पुन्हा गुंडाळायची.

थोरल्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. सगळ्यांना वाटलं, आता पायरीवरून बोलणार, वाचनालयावरून बोलणार. पण माणसाला लागतं ते भलत्याच ठिकाणी.

"म्हणून तू रोज साडेपाचला घरी जायचास," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत थोरल्यांनी धाकट्यांना पहिल्यांदा तू म्हटलं. दोघांनाही ते ऐकू आलं. दोघांनीही ऐकू न आल्यासारखं केलं.

"मी इथे दिवे जाईपर्यंत बसायचो. ताई म्हणायची, धाकटे बघा, कसे झटपट करतात, तुम्हीच मठ्ठ. मी जेवण गार खाल्लं, धाकटे. तुझ्या त्या मास्तरांच्या जिन्यापायी मी वर्षानुवर्षं जेवण गार खाल्लं."

"मला वाटायचं तुम्हाला आवडतं. कोऱ्यापासून काढायला."

"आवडतं," थोरले म्हणाले. "पण सारखं सारखं नाही आवडत."

हे वाक्य त्यांच्या तोंडून कसं निघून गेलं, हे त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. ते जरा गोंधळले. बाईने नेमका तेवढाच धागा धरला.

"सर, हे जे करत होते, तीच आमची पद्धत आहे. फक्त आमच्यात पायरी राहून जात नाही."

"नक्कल करायला सॉफ्टवेअर विकत घ्यायचं?"

"नक्कल मी करतोच आहे, दादा," धाकटे म्हणाले. "नीट करायची का, एवढंच विचारतोय."

थोरल्यांनी चष्मा परत घातला. धाकट्यांकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. "आणि तो मूळ जिना? तो कोण काढणार? की त्यालाही एखादा मास्तर शोधायचा?"

"तुम्ही काढा," धाकटे म्हणाले. "मला येत नाही."

ते तीन शब्द तोंडात घोळवत त्यांनी कित्येक वर्षं काढली होती. बाहेर पडले तेव्हा फिल्टरची बाटली भरताना येतो, तेवढाच आवाज झाला. छत पडलं नाही. उलट थोरल्यांनी खुर्ची ओढली आणि बाहीने तिच्यावरची धूळ पुसली. एरवी धूळ पुसायला ते धाकट्यांना सांगत.

"कोरा पडदा लावा, बाई."

तिने लावला. थोरले दचकले. "हे केवढं पांढरं. दूध सांडल्यासारखं."

"काळा करता येतो, सर."

"मग आधी सांगायचं," थोरले म्हणाले. पडदा काळा झाल्याबरोबर त्यांची बोटं ओळखीच्या अंगणात आल्यासारखी चालू लागली. मधेमधे अडत होती, बाई सांगत होती, थोरले "समजलं, समजलं" म्हणत पुन्हा तेच विचारत होते. धाकटे शेजारी स्टूल घेऊन बसले. पहिली रेघ खालच्या जमिनीची निघाली. दुसरी वरच्या मजल्याची. धाकट्यांना वाटलं होतं, थोरले पायरीपासून सुरुवात करत असतील.

"जमीन का आधी?" त्यांनी विचारलं. विचारून झाल्यावर लक्षात आलं, की आपण विचारलं.

"कारण जिना दोन मजल्यांमधली जागा असते. मजलेच ठरले नाहीत, तर तू चढणार कुठून आणि पोचणार कुठे?" थोरले पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "लिहून घे. नको, राहू दे, लक्षात ठेव. तू लिहून घेतलंस, तर तेच ओढत बसशील."

दुपारपर्यंत मूळ जिना तयार झाला. साधा, उघडाबोडका, कुठेही भोक नाही. बाई म्हणाली, "आता उंचीचा आकडा बदला." थोरल्यांनी बदलला. जिना सळसळला, आणि वर एक पायरी आपोआप उगवली. डावीकडे एक, उजवीकडे एक. थोरले खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी आकडा पुन्हा वाढवला. आणखी एक उगवली. मग कमी केला. ती गुमान आत गेली.

"हे असं होत होतं, तुझ्याकडे?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"माझ्याकडे हाताने ओढावं लागायचं."

"पण मजा यायची?"

"यायची," धाकट्यांनी कबूल केलं.

तेवढ्यात ताईचा फोन आला. नाव ठरलं का, तिने विचारलं. धाकट्यांनी नाव सांगितलं. थोरल्यांना फोन द्या, ती म्हणाली. थोरल्यांनी मान हलवून नको म्हटलं. त्यांचा जिना तेव्हा पाण्याच्या टाकीपेक्षा उंच गेला होता आणि त्यांना तो मध्येच सोडवत नव्हता.

"ताई, ते कामात आहेत," धाकट्यांनी सांगितलं. "हो, दोघांचं एकमत. हो, भांडून झालं. नाही, जेवले नाहीत. डबा समोर आहे. गार होतोय, पण आज त्यांची तक्रार नाही."

विकणारी बाई दोनदा घड्याळ बघून उठली, तरी थोरले माउस सोडेनात. "लॅपटॉप सोमवारी न्या," ते म्हणाले. "आम्ही काय पळून जातोय?" शेवटी बाई नुसती पिशवी घेऊन निघाली. धाकटे तिला फाटकापर्यंत सोडायला गेले.

"सर, एक विचारते, राग मानू नका," ती म्हणाली. "मोठ्या सरांना जमेल. तुम्हाला जमेल ना कोऱ्यापासून? नाहीतर आमचे क्लासही असतात."

धाकट्यांनी मागे वळून पाहिलं. खिडकीतून थोरले दिसत होते. जिना जमिनीला टेकेपर्यंत खाली आणत होते आणि पुन्हा वर पाठवत होते.

"क्लास नको," धाकटे म्हणाले. "मास्तर मिळालाय. फक्त तो खुर्चीवरून उठला पाहिजे."